मार लागल्यानंतरची कावीळ



आपल्यापैकी बरेच जण पाड्यांवर भेटीला जातात. तेथे उपयोगी पडेल अशी एक गोष्ट दवाखान्यातून लिहीत आहे.

झाडावरून पडलेला, बैलाने ढुशी दिलेला किंवा मोटारसायकलचे हँडल पोटात बसलेला माणूस आला, की आम्ही आधी यकृत आणि प्लीहा पाहतो. तेथून होणारा रक्तस्राव लवकर जीव घेतो. पित्ताशय यकृताखाली दडलेले असते. त्याला क्वचितच इजा होते, आणि झालीच तर बहुधा यकृतालाही मार असतो. (आपण ‘पित्त झाले’ म्हणतो, ते जठरातले आम्ल. खरे पित्त यकृतात तयार होते.) उपाशीपोटी पित्ताशय भरलेले असते, म्हणून तेव्हा ते फाटण्याची भीती अधिक.

अडचण अशी, की ते फाटले तरी लगेच कळत नाही. निरोगी माणसाच्या पित्तात सहसा जंतू नसतात. ते पोटात झिरपले तर दुखते, पण मग दोन दिवस बरेही वाटते. रोगी म्हणतो, “डॉक्टर, आता घरी सोडा.” शेतीची कामे खोळंबलेली असतात, त्याचे तरी काय चुकते? पुढे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, पोट फुगते, अन्न जात नाही, ताप येतो, डोळे पिवळे होतात. घरचे कावीळ समजून झाडपाल्याचे औषध देतात आणि जुना मार कोणी सांगत नाही. म्हणून पिवळे डोळे व फुगलेले पोट दिसले, की मी विचारतो, “दादा, मागे कुठे पडला होता का?”

सोनोग्राफीत पोटातले पाणी दिसते. सुईने काढल्यावर ते हिरवट-पिवळे निघाले, तर ते पित्त. मोठ्या गावी सीटी स्कॅन केल्यास इजा अधिक नीट कळते. नुसता मुका मार असेल तर रोग्याला ठेवून घेऊन वारंवार तपासतो. फाटले किंवा यकृतापासून सुटले असेल तर शस्त्रक्रिया करून पित्ताशय काढावे लागते. ते ऐकून घरचे घाबरतात. पण पित्ताशय नुसती साठवणीची पिशवी आहे. ती नसली तरी पित्त थेट आतड्यात उतरते, माणूस जेवतो आणि जखम भरल्यावर शेतातही जातो.

पाड्यावर असा कोणी भेटला तर पोट तेलाने चोळू देऊ नका, खायला-प्यायला देऊ नका, १०८ला फोन करा. आणि मार कधी, कसा लागला ते चिठ्ठीवर लिहून रोग्याबरोबर पाठवा.