क्रिस्टलमध्ये वाढा, साठवू नका!

शोकेसमधल्या काचेच्या बोलला हळूच टिचकी मारून पाहा. साधी काच 'टक्' करून गप्प बसते. घंटेसारखा नाद बराच वेळ घुमत राहिला, तर बहुधा ते लेड क्रिस्टल. तो नाद, हातात जाणवणारं वजन, दिव्याखाली उडणारे सप्तरंग, ही सगळी शिशाची करामत!

किती शिसं? युरोपात 'लेड क्रिस्टल' म्हणून विकायचं तर काचेत किमान २४ टक्के लेड ऑक्साइड लागतं. म्हणजे एक किलोच्या बोलमध्ये जवळजवळ पाव किलो!

नाव क्रिस्टल, पण स्फटिक मुळीच नाही. स्फटिकात अणू शिस्तीत रांगा धरून बसतात, काचेत ते विस्कटलेले असतात. लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ मध्ये अशा चमकदार काचेचं पेटंट घेतलं आणि पुढे शिसं मिसळून ती टिकाऊ केली. शिशामुळे काच नरम होते, पैलू पाडायला सोपी जाते.

आता जेवणाचं. कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवू नये, हे आपल्या घरोघरी माहीत आहे. आंबट पदार्थ धातू ओढून घेतो आणि कळकतो. क्रिस्टलमध्येही आंबट पदार्थ आणि मद्य शिसं ओढतात. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे: कळकलेलं ताक जिभेला लगेच कळतं, उतरलेलं शिसं कळत नाही. उलट शिशाचा एक क्षार चक्क गोड लागतो. रोमन लोक शिशाच्या भांड्यात द्राक्षरस आटवून त्या पाकाने वाइन गोड करत!

१९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक प्रयोग छापून आला. क्रिस्टलच्या सुरईत पोर्ट वाइन ठेवली. सुरुवातीला लिटरमागे ८९ मायक्रोग्रॅम शिसं होतं, चार महिन्यांनी ते ५,३३१ झालं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य आहे फक्त १०.

म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंद्यांच्या मेजावर चांदीची आगगाडी रुळांवरून सुरया फिरवायची. पाहुण्याने पेला भरला की गाडी पुढे! क्रिस्टल असंच वापरावं: थोडा वेळ, समारंभापुरतं. सुका मेवा, बर्फी, चिवडा खुशाल ठेवा. कोकम सरबत द्यायचं तर आयत्या वेळी ओता, तासन्‌तास भरून ठेवू नका. लोणचं, मुरंबा, चटणी साध्या काचेच्या बरणीतच बरी.

नवं घेताना 'लेड-फ्री' लिहिलंय का बघा. त्यात शिशाऐवजी जस्त, बेरियम यांची ऑक्साइडं असतात आणि चमक छान येते.

आणि लहान मुलांचं, गरोदर बाईचं खाणंपिणं क्रिस्टलमधून रोज देऊ नका. शिशाची सर्वाधिक झळ वाढत्या मेंदूला बसते. त्यांच्यासाठी स्टीलचा पेलाच काढा.