गोगलगायीतले जिवाणू आणि म्हशीचे दूध

पावसाळा ओसरला, की सातपुड्याच्या पायथ्याशी हिवरखेड परिसरात नाल्या-डबक्यांच्या काठी हिरवे गवत माजते आणि गुरे तिकडेच ओढ घेतात. अशाच पाण्यात पाणगोगलगायीही वाढतात. काही महिन्यांनी एखादी म्हैस खंगते, दूध आटते, जबड्याखाली सूज येते. या लक्षणांमागे अनेकदा यकृतातला पर्णकृमी असतो.

या कृमीची अंडी शेणावाटे पाण्यात जातात. त्यातून निघालेली अळी ठरावीक जातीच्या गोगलगायीत शिरते आणि तिथे एकीच्या अनेक होतात. पुढे त्या बाहेर पडून गवताला चिकटतात व चाऱ्यातून जनावराच्या पोटात पोहोचतात.

माणसालाही गोगलगायीमार्फत कृमी होतात. शिस्टोसोमाच्या अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. भारतात हा आजार दुर्मीळ आहे. मात्र रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावातील रुग्णांची नोंद गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केली होती.

तरीही एकाच पाण्यातल्या सगळ्याच गोगलगायींना लागण होत नाही. वय, आनुवंशिकता आणि प्रतिकारशक्ती ही त्याची माहीत असलेली कारणे. आता संशोधकांचे लक्ष गोगलगायीच्या आतडे व रक्तद्रवातील जिवाणूंकडे गेले आहे. शिस्टोसोमा वाहणाऱ्या बायोम्फॅलेरिया गोगलगायींत लागणीनंतर जिवाणूंचे प्रमाण बदलते, असे प्रयोगशाळेत दिसले. पण जिवाणू लागण रोखतात, की लागणीमुळे तेच बदलतात, याचा निवाडा व्हायचा आहे.

जिवाणूंच्या मदतीने रोगवाहकाला निष्प्रभ करणे अशक्य नाही. इंडोनेशियातील योग्याकार्ता शहरात वोल्बाकिया जिवाणू असलेले डास सोडल्यावर डेंगी ७७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. गोगलगायींबाबत असा उपाय सापडला तर मोठाच फायदा होईल, कारण गोगलगायी मारणाऱ्या औषधांनी मासेही मरतात.

तोवर राखण आपल्याच हाती आहे. गुरांना डबक्याऐवजी हौदातले स्वच्छ पाणी पाजा. पाणथळ जागी चरायला सोडू नका. तिथले गवत कापायचेच असेल तर पाण्याच्या वरचे कापून चांगले वाळवा. ताजे शेण पाण्यात जाऊ देऊ नका. जनावर खंगत असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात शेण तपासून घ्या. जंताचे औषध डॉक्टरांना विचारूनच द्या, कारण प्रत्येक औषध पर्णकृमीवर चालत नाही.