‘संगीताला कुठे भाषा लागते?’ : जर्मनीला शिकायला निघालेल्यांसाठी गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलगा किंवा मुलगी व्हायोलिन, पियानो नाहीतर गायन शिकायला जर्मनीला निघाली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘जर्मनचं काय एवढं? संगीताला कुठे भाषा लागते?’ पालक हे म्हणतात, नातेवाईक म्हणतात आणि काही संगीतशिक्षकही म्हणतात. रोज तासन्‌तास रियाज चाललेला असतो. जर्मन मात्र ‘तिथे गेल्यावर येईलच’ या खात्यात टाकलेलं असतं. या एका वाक्यापायी चांगल्या तयारीच्या मुलांचं पहिलं वर्ष चाचपडण्यात जातं, म्हणून आधी त्याचाच समाचार घेऊ.

ऐकणाऱ्याला भाषा लागत नाही, हे मान्य. पण शिकणाऱ्याला लागते. जर्मनीतल्या म्युझिकहोखशूलेत, म्हणजे संगीत विद्यापीठात, मुख्य वाद्याचा गुरूसमोरचा तास साधारण आठवड्यातून एकदा असतो. तिथे शिक्षक इंग्रजीत बोलतीलही. बाकीचा आठवडा संगीतशास्त्र, श्रवणाभ्यास, संगीताचा इतिहास, चेंबर म्युझिक आणि ऑर्केस्ट्राच्या तालमी यांत जातो आणि ही सगळी शिकवणी मुख्यतः जर्मनमध्ये चालते.

श्रवणाभ्यासाचा तास घ्या. शिक्षक पियानोवर चाल वाजवतात, विद्यार्थ्यांनी ती ऐकून लिहायची असते आणि स्वरांची नावं तोंडी सांगायची असतात. आपल्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकलेली मुलं इंग्रजी पद्धतीने स्वर ओळखतात. जर्मनीत मात्र ‘बी’ म्हणजे इंग्रजीतला बी फ्लॅट आणि इंग्रजीतल्या बीला तिथे ‘एच’ म्हणतात. सी शार्प होतो ‘सिस’, ई फ्लॅट होतो ‘एस’, मेजरला ‘डूर’ आणि मायनरला ‘मोल’. योहान सेबास्टियन बाखला आपल्या आडनावाची चार अक्षरं स्वर म्हणून वापरता आली, ती याच पद्धतीमुळे. कान कितीही तयार असला, तरी ही नावं अंगवळणी पडली नसतील तर उत्तर अर्ध्या स्वराने चुकतं.

‘पण स्वरलिपीतल्या सूचना तर इटालियनमध्ये असतात ना?’ सगळ्या नसतात. शुमानने लयीच्या आणि भावाच्या कितीतरी सूचना जर्मनमध्ये लिहिल्या. मालरच्या सिंफनींमध्ये तर वादकांसाठी आणि संचालकासाठी अख्खी जर्मन वाक्यं आहेत. गायकांचं विचारूच नका. शूबर्ट, शुमान, ह्यूगो वोल्फ यांची गाणी कवितेवर उभी आहेत. कवितेचा अर्थ न कळता ती गाणं म्हणजे नुसते उच्चार पाठ करणं. साथीला बसणाऱ्या पियानोवादकालाही यातून सुटका नाही. ऑर्केस्ट्राच्या तालमीत संचालक थांबतात, कुठल्या मात्रेपासून पुन्हा सुरुवात करायची ते एका वाक्यात सांगतात आणि हात उचलतात. ते वाक्य निसटलं की पुढची सुरुवातही निसटते.

आपल्याच परंपरेत पाहा. पंडित भीमसेन जोशी मूळचे गदगचे, मातृभाषा कानडी. पुण्यात राहून त्यांनी मराठी आपलीशी केली आणि त्यांची अभंगवाणी घराघरांत पोचली. तुकोबांचे शब्द त्यांना परके राहिले असते, तर ते गाणं तसं उभं राहिलं असतं का?

हा गैरसमज हवेतून आलेला नाही. बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठं पदवीसाठी बी१ किंवा बी२, म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन मागतात. नेमकी अट संस्थेगणिक आणि विषयागणिक बदलते आणि ती प्रत्येकीच्या संकेतस्थळावर लिहिलेली असते. काही ठिकाणी प्रमाणपत्र नंतर, ठरावीक मुदतीत दिलं तरी चालतं. लोक या सवलतीलाच ‘भाषा लागत नाही’ असं समजून बसतात. बर्लिनच्या बारेनबॉइम-सईद अकादमीत इंग्रजीतून शिकवतात हे खरं, पण एका अकादमीवरून सगळ्या देशाचा हिशेब मांडता येत नाही. आणि वर्गाबाहेरही माणूस राहतोच. नगरपालिकेत पत्त्याची नोंद, आरोग्यविमा, घराचा करार, चेंबर म्युझिकसाठी जोडीदार शोधणं आणि दुपारच्या जेवणाला कुणासोबत बसणं, हे सगळं बोलूनच होतं.

आता बाकीचे गैरसमज.

‘आठवी ग्रेड झाली की प्रवेश पक्का.’ ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमचं प्रमाणपत्र प्रवेशपरीक्षेची जागा घेत नाही. परीक्षकांसमोर वाजवावं लागतं. शास्त्र आणि श्रवणाची परीक्षा असते आणि अनेकदा दुय्यम विषय म्हणून पियानोही.

‘जर्मनीत शिक्षण फुकट.’ सगळीकडे नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क लावलं. फ्रायबुर्ग, स्टुटगार्ट, मानहाइम, कार्ल्सरूह आणि ट्रॉसिंगनची संगीत विद्यापीठं याच राज्यात आहेत. शुल्क नसलं तरी व्हिसासाठी निर्वाहाची सोय दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंटमध्ये) ठेवायची ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे.

‘कार्यक्रम आणि शिकवण्या करून खर्च निघेल.’ इथे खरा धोका आहे. २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस नोकरी करता येते, पण ती नोकरी. मानधनावरचे कार्यक्रम आणि खासगी शिकवण्या बहुधा स्वतंत्र व्यवसायात मोडतात आणि त्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. आधी परवानगी, मग मैफल.

‘खोलीत रियाज करायलाच बंदी असते.’ नाही. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१८ रोजी एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यात निकाल दिला : घरात वाद्य वाजवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. कामाच्या दिवशी दोन-तीन तास आणि रविवारी-सुट्टीला एक-दोन तास हा ढोबळ अंदाज. दुपारची आणि रात्रीची शांततेची वेळ मात्र पाळायची. त्याहून जास्त रियाज विद्यापीठाच्या सरावखोल्यांमध्ये करावा.

‘आपल्याकडच्या मुलांना तिकडे कोण विचारतं?’ मुंबईचे झुबिन मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नाला हान्स स्वारोवस्कींकडे शिकायला गेले आणि पुढे त्याच शहराची फिलहार्मोनिक त्यांनी अनेकदा संचालित केली.

पुण्या-मुंबईत मॅक्समुल्लर भवनं आहेत, शाळा-महाविद्यालयांतही जर्मन शिकवतात. प्रवेशपरीक्षेच्या तयारीचं वेळापत्रक आखाल, त्याच दिवशी त्यात जर्मनचा रोजचा तास घाला आणि निदान बी१ हाती घेऊनच विमानात बसा. शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती : ‘संगीताला कुठे भाषा लागते?’ हे वाक्य निघणाऱ्या मुलाला ऐकवू नका.