झाकलेल्या संख्यांवरील गणित आणि ओळखीची पडताळणी

परवलीचा शब्द उघड झाला तर तो बदलता येतो. बोटाचा ठसा उघड झाला तर बोट बदलता येत नाही. २०१५ साली अमेरिकेच्या संघ-शासनाच्या कर्मचारी-व्यवस्थापन कार्यालयातून सुमारे ५६ लाख व्यक्तींचे ठसे चोरीस गेल्याचे जाहीर झाले. त्या व्यक्तींना नवे ठसे देण्याचा उपाय कोणत्याही शासनाच्या हाती नाही. आपल्या देशात २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पहिला आधार क्रमांक दिला गेला. तेव्हापासून ठसे, बुबुळे व चेहरा यांवरून ओळख पटविणे हा नित्याचा व्यवहार झाला आहे. म्हणून प्रस्तुत प्रश्न केवळ गणिताच्या कुतूहलाचा राहिलेला नाही. पडताळणी करणाऱ्यास आपली ओळख पटावी, परंतु आपला ठसा वा चेहरा त्याच्या हाती लागू नये, हे शक्य आहे काय?

परवलीच्या शब्दाबाबत असा उपाय पूर्वीपासून आहे. मूळ शब्द न साठविता त्यापासून काढलेले, उलट न फिरविता येणारे एक मूल्य साठवावयाचे आणि दर वेळी ते ताडून पाहावयाचे. परंतु हा उपाय येथे सरळ लागू पडत नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. तोच चेहरा दुसऱ्यांदा टिपला असता प्रकाश व कोन बदललेले असतात. कष्टाच्या कामाने बोटांवरील रेषाही झिजतात. म्हणजे येथे समानता तपासावयाची नसून सामीप्य मोजावयाचे असते. मशीन लर्निंगच्या पद्धतीत प्रशिक्षित जाल चेहऱ्याचे रूपांतर एका सदिशात करते. गूगलच्या संशोधकांनी २०१५ साली मांडलेल्या फेसनेट या रचनेत त्याचे १२८ घटक होते. एकाच व्यक्तीचे सदिश परस्परांजवळ आणि भिन्न व्यक्तींचे दूर पडावेत, असे हे शिक्षण असते. मात्र अशा सदिशावरून मूळ चेहऱ्याशी पुष्कळ मिळतेजुळते चित्र पुन्हा रचता येते, हेही दाखविले गेले आहे. सबब सदिशही गुप्तच राहावयास हवा.

कूटबद्ध संख्या न उलगडता तिच्यावर गणित करता येईल काय, हा प्रश्न रिव्हेस्ट, ॲडलमन व डर्टूझोस यांनी १९७८ साली मांडला. एक लहानसे उदाहरण घेऊ. ३३ हा मापांक मानून प्रत्येक संख्येचा घन करणे हे कूटलेखन समजू. २ चे कूटरूप ८ होते. ४ चा घन ६४, म्हणून त्याचे कूटरूप ३१. आता ८ व ३१ यांचा गुणाकार २४८, आणि ३३ ने भागून उरणारी बाकी १७. ज्याच्याजवळ ७ ही गुप्त किल्ली आहे, त्याने १७ चा सातवा घात काढून ३३ ने भागल्यास बाकी ८ उरते; आणि ८ हाच २ व ४ यांचा गुणाकार होय. गुणाकार करणाऱ्यास २, ४ वा ८ यांपैकी एकही मूळ संख्या म्हणून कळण्याची गरज पडली नाही.

या पद्धतीत केवळ गुणाकार साधतो, आणि एकाच संख्येचे कूटरूप सदैव एकच येत असल्याने ते ओळखता येते. १९९९ साली पाये यांनी दिलेल्या पद्धतीत हा दोष नाही, पण तेथे केवळ बेरीज साधते. दोन्ही क्रिया हव्या तितक्या वेळा करता येतील अशी पहिली रचना क्रेग जेंट्री यांनी २००९ साली दिली. तीत प्रत्येक कूटरूपात हेतुतः थोडी त्रुटी मिसळलेली असते. बेरजेने ती हळूहळू आणि गुणाकाराने वेगाने वाढते. मर्यादेपलीकडे गेल्यास उत्तर चुकते. ती वेळोवेळी कमी करण्याची जेंट्री यांची युक्ती हीच त्या शोधाचे मर्म होय. परंतु ती अतिशय खर्चिक आहे.

सुदैवाने पडताळणीस तिची गरज सहसा पडत नाही. जालाचे सर्व अवघड गणित वापरणाऱ्याच्या स्वतःच्या यंत्रावरच होते. सेवायंत्राकडे जातो तो कूटबद्ध सदिश. तेथे साठविलेल्या कूटबद्ध सदिशाशी त्याचा अदिश गुणाकार करावयाचा, म्हणजे एक थर गुणाकाराचा व नंतर बेरजा. चॉन व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली मांडलेल्या पद्धतीत अपूर्णांकांचे आसन्न गणित होते आणि अनेक घटक एकाच कूटरूपात भरता येतात. त्यामुळे हे काम व्यवहार्य झाले आहे.

खरी अडचण पुढे आहे: उत्तर कोणी उलगडावयाचे? किल्ली सेवायंत्राजवळ असेल तर गुप्तता उरत नाही. ती वापरणाऱ्याजवळ असेल तर तोतयाही ‘माझे गुण पुरेसे आले’ असे सांगू शकेल. म्हणून किल्लीचे दोन वाटे करून दोघांच्या सहभागाशिवाय उत्तर उघडू नये, अशी योजना करतात. शिवाय सेवायंत्रास आलेला सदिश दिसत नसल्याने त्याची लांबीही कळत नाही. यदृच्छेने निवडलेल्या सदिशाचा अदिश गुणाकार धन येण्याची शक्यता सुमारे निम्मी. तोच सदिश हजारपट लांबविला की उंबरठा सहज ओलांडला जाईल. तेव्हा लांबी एक आहे, याचीही झाकलेल्या स्थितीतच तपासणी हवी. आणि अखेरीस नेमके गुण न सांगता केवळ ‘होय’ वा ‘नाही’ एवढेच उघड करावे; कारण गुण कळत गेले तर थोडाथोडा फेरफार करीत मूळ सदिशाजवळ पोहोचता येते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. हक्क कायद्याने मिळतो. तो पाळला जाईल अशी यंत्ररचना करणे हे मात्र गणिताचे व अभियांत्रिकीचे काम आहे. कूटलेखनाने बनावट ठसा ओळखता येत नाही, की सदोष शिक्षण झालेल्या जालाचा पक्षपात दूर होत नाही. पण जे सेवायंत्राने कधी पाहिलेच नाही, ते त्याच्याकडून चोरीस जाऊ शकत नाही. या विषयाकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून गणित किती वेगाने होते एवढेच न पाहता, किल्ली कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा.