न ऐकू येणारे टिंब

जबलपुरात मी ज्या वस्तीत राहतो तिचे नाव कांचघर. आमचे हिंदीभाषी शेजारी ते उच्चारताना पहिले अक्षर नाकातून काढतात, तेव्हा पाटीवरचे टिंब त्यांच्या जिभेशी जुळते. माझी आजीही ‘कांच’ असेच लिही, परंतु म्हणे मात्र ‘काच’. संस्कृत शब्द तर ‘काच’च, त्यात अनुनासिक मुळीच नाही. मग हे टिंब कशासाठी, असे विचारले की “तसे लिहायचे असते” एवढेच उत्तर मिळे. आज ज्याविषयी बोलायचे ते श्रोत्यांना ऐकू येणारच नाही, ही माझी अडचण आहे. तेव्हा कृपा करून अक्षरे डोळ्यांपुढे आणावीत.

जुन्या लेखनातील पुष्कळशी टिंबे निराधार नव्हती. ‘पांच’, ‘दांत’, ‘कांटा’ यांच्या मागे पञ्च, दन्त, कण्टक उभे आहेत; ‘गांव’ आणि ‘नांव’ यांत ग्राम आणि नाम यांचा मकार विरून गेला आहे. एके काळी हे स्वर नाकातून उच्चारले जात. पुढे उच्चार ओसरला, खूण राहिली. मग ‘हांसणें’सारख्या शब्दांवरही टिंब चढले, जरी मूळ धातू ‘हस्’ आहे.

असे इतरत्रही घडले आहे. इंग्रजीत ऋणाला ‘डेट’ म्हणतात. त्यातला न उच्चारला जाणारा ‘बी’ पंडितांनी लॅटिन मूळ आठवून मागाहून घातला. बेटवाचक ‘आयलंड’मधील ‘एस’ तर चुकीच्या व्युत्पत्तीने आला. १६२३ साली शेक्सपिअरची नाटके एकत्र छापली गेली, त्या ग्रंथात ‘लव्ह’च्या मध्ये ‘यू’ दिसतो आणि ‘अप’च्या आरंभी ‘व्ही’. कोणते अक्षर घ्यायचे ते उच्चारावर नव्हे, शब्दातील जागेवर ठरे.

आपले टिंब मात्र व्याकरणाचेही काम करी. ‘ते’ म्हणजे पुरुष, ‘तें’ म्हणजे मूल. ‘ती’ एक स्त्री, ‘तीं’ अनेक मुले. याचा प्रत्यय आमच्या घरातच आला. आजीने पत्रात लिहिले होते, “पेटींत माझीं कांकणें आहेत, तीं धाकटीला द्यावीं.” तिच्या पश्चात कोणी त्याची नक्कल केली ती आजच्या पद्धतीने: “ती धाकटीला द्यावी.” आता ‘ती’ म्हणजे कोण? काकणे की पेटी? पेटी नक्षीदार शिसवी होती. दोन दिवस दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. शेवटी मूळ पत्र काढले. ‘तीं’ आणि ‘द्यावीं’, दोन्हींवर टिंबे स्पष्ट होती. काकणे धाकटीकडे गेली, पेटी थोरलीकडे राहिली.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केले आणि असे अनुच्चारित अनुस्वार गेले. (१९७२ साली आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले.) आमच्या आजीपर्यंत ही वार्ता पोहोचली नाही, आणि पोहोचती तरी तिने ती मनावर घेतली नसती. माझ्या मते निर्णय योग्यच होता. जे कानाला कळत नाही ते लाखो मुलांनी केवळ घोकून लिहावे, हा जुलूम होता. शिवाय लाभही झाला: पूर्वी एका घरात आणि अनेक घरांत, दोन्ही ठिकाणी ‘घरांत’च लिहीत, आज टिंब दिसले की घरे अनेक, हे कळते. तोटा होतो तो जुने कागद नव्या लेखनात उतरविताना. तेथे टिंब गाळणारा कधी कधी अर्थच गाळतो. कोकणी बोलणाऱ्याला ही भीती नाही. त्याच्या तोंडी ‘तें’ आणि ‘तीं’ अजून नाकातून ऐकू येतात.

आजीच्या पत्राची दुसरी नक्कल मी स्वतः केली, टिंबांसकट. मूळ पत्र थोरल्या आत्याच्या पेटीत आहे.