सूत, माग आणि व्यवस्थापन

चांगल्या व्यवस्थापनाने खरंच फरक पडतो का, हे तपासायला स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेचे संशोधक 2008 च्या सुमारास तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड कारखान्यांत उतरले. जमिनीवर पडलेले सुताचे ढीग, त्यांवर ना रंगाची नोंद ना जाडीची; माग बंद पडेपर्यंत देखभाल नाही; आणि सदोष कापड हाताने दुरुस्त करणारी माणसं.

चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही कारखाने निवडून त्यांना पाच महिने सल्लागारांची मोफत मदत दिली. उपाय साधेच होते: सुताच्या साठ्याची नोंद, दोषांची रोजची वही, मागांची वेळेवर निगा. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. मग मालकांनी हे आधी का केलं नाही? अनेकांना या पद्धती ठाऊकच नव्हत्या; काहींना त्यांचा उपयोग पटत नव्हता. माझ्या मते अभ्यासाचा सगळ्यात मोलाचा निष्कर्ष हाच.

नऊ वर्षांनी संशोधक परत आले, तेव्हा सुमारे निम्म्या पद्धती सुटलेल्या होत्या. व्यवस्थापक बदलले होते, मालकांना वेळ नव्हता. तरीही मदत न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा हे कारखाने व्यवस्थापनात बरेच पुढे होते.