दुखरा घसा आणि त्रिज्येचा चौथा घात

घसा दुखू लागला की आपण मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो, हळद घातलेले दूध पितो आणि आठवड्याभरात सारे विसरून जातो. बहुतेक वेळा हे ठीकच असते. कारण बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे होते व आपोआप बरी होते. मग असा रुग्ण तातडीच्या विभागात आला, की डॉक्टर प्रथम त्याच्या श्वासाकडे का पाहतात?

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा घसा १३ डिसेंबर १७९९ रोजी दुखू लागला. दुसऱ्या दिवशी त्यांना गिळवेना, श्वास घेववेना; त्याच रात्री ते वारले. एलिशा डिक या तरुण डॉक्टरांनी श्वासनलिकेला छेद देऊन हवेला वाट करण्याचे सुचवले होते. ते मानले गेले नाही. श्वासनलिकेच्या तोंडावर पानासारखे एक झाकण असते. तेच सुजले असावे, असे पुढे अनेक वैद्यकतज्ज्ञांनी म्हटले आहे.

थोड्याशा सुजेने एवढा अनर्थ कसा होतो? याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ प्वाझय यांनी दाखवले, की संथ प्रवाहाला होणारा नळीचा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. आता गणित करा. मोठ्या माणसाच्या श्वासमार्गाची त्रिज्या ४ मिलिमीटर धरू. १ मिलिमीटर सूज आली तर अडथळा सुमारे तिप्पट होतो. लहान मुलाची त्रिज्या २ मिलिमीटर धरली, तर तेवढ्याच सुजेने तो सोळा पट होतो!

म्हणून डॉक्टर मनात एक यादी धरून असतात. झाकणाला सूज आली आहे का? टॉन्सिलमागे पू साठला आहे का? तसे असल्यास तोंड नीट उघडत नाही. घशात करडा, चिवट पापुद्रा दिसला तर घटसर्प. माशाचा काटा अडकलेला असू शकतो. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू सहसा श्वास कोंडत नाहीत. पण उपचार न झाल्यास पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू शकतात.

तुम्ही काय लक्षात ठेवाल? लाळ गळणे, थुंकीही न गिळता येणे, श्वास आत घेताना कर्कश आवाज, पुढे वाकूनच बसावेसे वाटणे — यांपैकी काही दिसले तर १०८ क्रमांकावर फोन करा. रुग्णाला आडवे करू नका. चमच्याने जीभ दाबून घसा पाहण्याचा प्रयत्न करू नका. सुजलेला मार्ग त्यामुळे पूर्ण बंद होऊ शकतो.

आणि एक गृहपाठ. घटसर्पाविरुद्धची टीडी लस दहाव्या व सोळाव्या वर्षी घ्यायची असते. तुमची घेऊन झाली आहे का? आज घरी विचारा.